शांत मल्लाचे गणित : ब्रेट हार्टची व्यक्तिरेखा आणि रिंगमधली शैली

व्यावसायिक कुस्तीबद्दल, म्हणजे केबल टीव्हीच्या दिवसांपासून महाराष्ट्रात सरसकट 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराबद्दल, दोन मते रूढ आहेत. एक मत न पाहणाऱ्यांचे: ही सगळी नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला, तेव्हा तिच्यात कौशल्य शोधणे म्हणजे रिकामटेकडेपणा. दुसरे मत पाहणाऱ्यांचे: निकाल ठरलेला असेना का, खरी मजा आहे ती पिळदार अंगाची, माइकवरच्या डरकाळ्यांची आणि दोरावरून मारलेल्या उड्यांची. वरवर ही मते परस्परविरोधी दिसतात, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. हा धंदा अतिरेकाचा आहे, असे दोघेही धरून चालतात. त्यामुळे एका जातीचा मल्ल दोघांच्याही नजरेतून सुटतो: जो ओरडत नाही, घाई करत नाही, डोळे वटारत नाही, नेमक्या वेळी नेमका डाव टाकतो आणि काम झाले की रिंगमधून उतरून चालू लागतो.

कॅनडाचा ब्रेट हार्ट हा या जातीचा सर्वात ठळक नमुना. त्याचा थंडपणा हा स्वभावाचा भाग होता किंवा त्याच्यात रंगच कमी होता, असे सांगितले जाते. दोन्ही स्पष्टीकरणे उथळ आहेत. हार्टचा शांतपणा ही काम करण्याची पद्धत होती आणि ती शिकून, घोटून कमावलेली होती. निकाल आधी ठरलेल्या खेळात जिंकण्याहरण्याला अर्थ उरत नाही. प्रेक्षकाला त्या लढतीपुरता विश्वास ठेवायला लावणे एवढेच खरे आव्हान शिल्लक राहते. ते आव्हान आवाजाने तात्पुरते आणि संयमाने दीर्घकाळ पेलता येते, असे प्रतिपादन इथे केले आहे.

घडण

ब्रेट हार्टचा जन्म २ जुलै १९५७ रोजी कॅल्गरी इथे झाला. वडील स्टू हार्ट 'स्टॅम्पीड रेसलिंग' ही तिथली कुस्ती कंपनी चालवत. बारा भावंडांत ब्रेट आठवा. घराच्या तळघरात सरावाची एक खोली होती. तिला 'डंजन', म्हणजे अंधारकोठडी, असे नाव पडले होते. तिथे स्टू हार्ट शिकाऊ मल्लांना पकडींत धरून खरोखरचे पिळत. ठरवून लढायच्या कुस्तीसाठी माणसे तयार होत होती ती न ठरवलेल्या वेदनेतून. या तपशिलाला हार्टच्या शैलीच्या चर्चेत सहसा बाजूला टाकले जाते, पण पुढच्या विवेचनाचा बराच भार त्याच्यावर आहे.

१९८४ मध्ये स्टॅम्पीडचा कारभार डब्ल्यूडब्ल्यूएफने विकत घेतला आणि ब्रेट त्या कंपनीत गेला. मेहुणा जिम नाइडहार्ट याच्याबरोबर 'हार्ट फाउंडेशन' ही जोडी जमली. नाइडहार्ट दणकट, दाढीवाला, मोठमोठ्याने हसणारा. हार्ट सडपातळ आणि मोजका. १९८७ आणि १९९० अशी दोनदा या जोडीने विजेतेपद घेतले. जोडीच्या लढतींत एक जण मार खातो आणि दुसरा सुटका करायला येतो. हार्टकडे बहुतेक वेळा मार खाण्याचे काम असे आणि ते काम त्याने कसून शिकून घेतले.

व्यक्तिरेखेची सामग्री अगदी थोडी होती. गुलाबी-काळा पोशाख, ओले केस, आरशासारखा चमकणारा गॉगल. हा गॉगल लढतीआधी रिंगजवळच्या एखाद्या लहान मुलाला घालायचा, एवढाच त्याचा विधी. माइकवर तो कधीच रमला नाही. आपण आजवरचे सर्वोत्तम आहोत आणि पुढेही राहू, अशी बढाई त्याच्या ब्रीदवाक्यात होती, पण ती तो अशा सपाट सुरात म्हणे की तिच्यातून फुशारकीपेक्षा हिशेबीपणा जाणवे.

ही परंपरा जुनी आहे

शांत मल्ल हा हार्टचा शोध नव्हे. अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या व्यवस्थेतून तो घडला. तेव्हा देश वेगवेगळ्या कंपन्यांच्या इलाख्यांत वाटलेला होता. विश्वविजेता गावोगाव फिरे आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या लाडक्या मल्लाशी लढे. स्थानिक मल्ल जिंकता जिंकता राहिला असे वाटले पाहिजे, पण पट्टा विजेत्याकडेच राहिला पाहिजे, असा तो मामला. त्यासाठी एकेक तास अनोळखी माणसाबरोबर लढत ओढत न्यावी लागे. शिवाय समोरच्याने ठरलेला निकाल मोडून खरोखरच चीत करायचा प्रयत्न केला तर स्वतःला वाचवण्याइतकी अस्सल कुस्ती अंगात असावी लागे. लू थेझ हा या साच्याचा आदर्श. थेझचे नाव भारतालाही परके नाही: १९६८ मध्ये मुंबईत दारासिंग यांनी त्याला हरवले होते. दुसरा नमुना निक बॉकविंकल, जो सुटाबुटात येई, जड शब्द वापरून बोले आणि समोरच्याच्या शैलीप्रमाणे आपली शैली बदले.

अशा विजेत्याला आरडाओरड परवडणारी नव्हती. जो स्वतः सगळी जागा व्यापतो त्याच्यासमोर गावचा मल्ल मोठा दिसत नाही. शांतपणाची मुळे धंद्याच्या या गरजेत होती.

ऐंशीच्या दशकात ही व्यवस्था कोसळली. केबल टीव्हीमुळे विन्स मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ देशभर पोचली आणि हल्क होगनचा जमाना सुरू झाला. कानाला हात लावून प्रेक्षकांचा आवाज ऐकणे, अंगातला शर्ट फाडणे, दंड फुगवणे. भारतीय प्रेक्षकाची या प्रकाराशी ओळख झाली ती बहुतांशी याच काळातल्या आणि यानंतरच्या कार्यक्रमांतून. शाळकरी मुलांच्या खिशातल्या ट्रम्प कार्डांवर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड हे आकडे छापलेले असत आणि त्यावर डाव जिंकला वा हरला जाई. संयमाचा रकाना त्या पत्त्यांवर नव्हता. प्रौढ प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांचे मूल्यमापनही त्या पत्त्यांच्या पुढे गेलेले नाही.

पहिला मुद्दा : शांतपणातून वेळ निर्माण होतो

लाल मातीवरच्या कुस्तीत सुरुवातीच्या खडाखडीला जाणकार प्रेक्षक कंटाळत नाही. मल्ल एकमेकांचे बळ अजमावत आहेत हे त्याला कळते आणि पुढच्या डावाची किंमत त्या खडाखडीमुळेच ठरते. व्यावसायिक कुस्तीत हीच गोष्ट अभिनयाने उभी करावी लागते. पहिल्याच मिनिटाला मल्ल दोरावरून उडी मारून समोरच्यावर कोसळला, तर दहाव्या मिनिटाला काय करायचे हा प्रश्न उरतो. प्रत्येक मोठा प्रहार आधीच्या प्रहाराचे मोल कमी करत जातो.

हार्टच्या लढती उलट्या क्रमाने बांधलेल्या असतात. आधी मनगट, मग खांदा, मग मानेची पकड. एकदा सुटका, पुन्हा तीच पकड. यात दोन कामे साधतात. प्रेक्षकाला एक साधा नियम शिकवला जातो, अमुक पकडीतून तमुक प्रकारे सुटता येते, आणि पुढे तो नियम मोडला की तो मोडल्याचे त्याला दिसते. दुसरे काम प्रेक्षकाला दिसत नाही. मानेची पकड घातलेली असताना दोघांची डोकी जवळ येतात, ओठ झाकले जातात आणि पुढचे डाव कुजबुजीत ठरतात. बाहेरून विश्रांती वाटणारी ती जागा म्हणजे लढतीचे कामकाज चालवण्याची जागा असते.

२९ ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार प्रेक्षकांसमोर हार्ट आणि त्याचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ यांची लढत झाली. सुरुवातीच्या काही मिनिटांतच स्मिथला ठरवलेले काहीच आठवेनासे झाले आणि पुढचा एकेक डाव आपण त्याला कानात सांगितला, असे हार्टने आत्मचरित्रात लिहिले आहे. लढत पंचवीस मिनिटांच्या आसपास चालली. शेवटी हार्टने डोक्यावरून झेप घेऊन गुंडाळण्याचा डाव टाकला, स्मिथने खाली बसत त्याचे पाय अडकवले आणि त्याला चीत केले. त्या दिवसाचा नायक घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकलेला स्मिथ ठरला. लढत कोणी चालवली हे स्टेडियममधल्या कोणालाही कळले नाही आणि ते न कळणे हाच त्या कामाचा दर्जा होता.

दुसरा मुद्दा : वेदना मोठ्या आवाजात खोटी वाटते

या धंद्यात मार लागल्याचे दाखवण्याला 'सेलिंग' म्हणतात. होगनच्या पठडीत लढतीच्या शेवटी मल्लाच्या अंगात जणू वीज संचारते, आधीचा सगळा मार तो झटकून टाकतो आणि तीन फटक्यांत निकाल लावतो. प्रेक्षक बेभान होतो हे खरे, पण आधीची वीस मिनिटे त्या क्षणी रद्द होतात.

हार्ट मार रद्द करत नसे. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला २० मार्च १९९४ चा रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा मोठा वार्षिक सोहळा, हे याचे उत्तम उदाहरण. रात्रीची पहिली लढत धाकटा भाऊ ओवेन याच्याशी. त्यात गुडघा दुखावल्याचे दाखवले गेले आणि ब्रेट हरला. त्याच रात्री शेवटची लढत ५०० पौंडांहून अधिक वजनाच्या योकोझुनाशी, विश्वविजेतेपदासाठी. दोन लढतींमध्ये बराच वेळ आणि अनेक मल्ल येऊन गेले होते. प्रेक्षक तो गुडघा विसरला असता तर कोणी दोष दिला नसता. हार्ट लंगडत आला, लंगडत लढला आणि लंगडतच जिंकला. एका लढतीतली वेदना दुसऱ्या लढतीत जपून नेणे ही साधी गोष्ट वाटते. त्या काळच्या कंपनीत ती विरळा होती.

इथे तळघरातल्या खोलीचा संबंध येतो. पिळल्या जाणाऱ्या माणसाचा चेहरा प्रत्यक्षात कसा होतो हे हार्टने पाहिले होते, भोगलेही होते. खऱ्या वेदनेत माणूस क्वचितच हातवारे करतो. तो श्वास धरतो, दुखरा भाग जवळ घेतो, बोलणे टाळतो. कोपऱ्यातल्या गादीवर फेकला जाताना बहुतेक मल्ल वळून पाठीवर आपटतात. हार्ट सरळ धावत जाऊन छातीवर आपटे. धप्प असा आवाज, शरीर ताठ मागे कोसळलेले आणि एक हात बरगड्यांच्या मध्यावर. चेहऱ्यावर फारसे काही नाही. ते आपटणे स्टेडियमच्या शेवटच्या रांगेला दिसे आणि तो हात कॅमेऱ्याला.

बार्थचा अतिरेक आणि कॅमेरा

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ याचा कुस्तीवरचा निबंध १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात आहे. कुस्ती हा खेळ नसून तमाशा आहे आणि अतिरेक हेच तिचे बलस्थान आहे, असे त्याचे म्हणणे. मल्लाचे दुःख, कपट, पराभव हे सगळे इतके उघड असावे की पाहणाऱ्याला शंकाच उरू नये. 'खोटी कुस्ती' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हा निबंध आजही चोख उत्तर देतो. तरीही तो लागू करताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: बार्थसमोर पॅरिसमधले लहान, धुरकट हॉल होते. चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा त्याच्या विवेचनात नाही. अंतर जास्त असते तेव्हा खूण मोठी लागते. कॅमेरा अंतर मिटवतो, तेव्हा लहान खूणही पुरते, उलट मोठी खूण नाटकी वाटू लागते. हार्टने दोन्ही अंतरांचा एकाच वेळी हिशेब केला. शरीराची आपटाआपटी दूरच्या प्रेक्षकासाठी ठेवली, चेहरा जवळच्यासाठी राखून ठेवला. अतिरेकाचा सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरत नाही, पण अपुरा मात्र ठरतो.

तिसरा मुद्दा : समोरच्याचे शरीर

ठरलेल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला खरी इजा होऊ न देणे ही मल्लाची पहिली जबाबदारी असते. उचलून आपटताना समोरच्याची मान आपल्या हातात असते. घाई, जोश आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा या तिन्ही गोष्टी त्या क्षणी धोकादायक ठरतात. शांतपणाला इथे नैतिक वजन येते.

१९९१ च्या समरस्लॅम या कार्यक्रमात हार्टची लढत कर्ट हेनिंगशी, म्हणजे 'मिस्टर परफेक्ट'शी झाली. हेनिंगच्या पाठीला गंभीर दुखापत झालेली होती. हार्टने लढत अशी रचत नेली की हेनिंग प्रत्येक क्षणी तोलामोलाचा दिसला आणि त्याच्या पाठीवर नको तो भार पडला नाही. शेवटही तसाच. हार्ट जमिनीवर उताणा, हेनिंग त्याच्यावर पाय टाकतोय, आणि खालूनच हार्टने तो पाय पकडून, उठत, वळत 'शार्पशूटर' हा आपला हुकमी डाव घातला. हेनिंगला उचलून आपटण्याची गरजच पडली नाही.

आपल्या हातून एकाही प्रतिस्पर्ध्याला गंभीर इजा झाली नाही, हे हार्टने पुढे अभिमानाने सांगितले आहे. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र दुसऱ्याच्या चुकीने संपली. १९ डिसेंबर १९९९ रोजी गोल्डबर्गची एक लाथ चुकीच्या जागी बसली, मेंदूला मार लागला आणि पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती पत्करली. गोल्डबर्ग हा त्या काळचा सर्वात धडाकेबाज मल्ल. त्याची सगळी जादू वेगात आणि जोशात होती.

ही तुलना फार ताणू नये. त्याच तळघरात घडलेल्या ओवेन हार्टच्या हातून १९९७ च्या समरस्लॅममध्ये स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली गेली होती. उत्तम शिक्षण अपघात टाळण्याची हमी देत नाही. ते अपघाताची शक्यता कमी करते, एवढेच.

चौथा मुद्दा : दुसऱ्याला मोठे करणे

शांत शैलीचे सर्वात मोठे फळ हार्टच्या पदरात पडलेच नाही. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट इथे रेसलमेनिया १३ झाला. हार्ट विरुद्ध 'स्टोन कोल्ड' स्टीव्ह ऑस्टिन. अट अशी की प्रतिस्पर्ध्याने हार मान्य केली तरच निकाल. पंच म्हणून केन शॅमरॉक. लढत सुरू झाली तेव्हा हार्ट नायक होता आणि ऑस्टिन शिवराळ खलनायक.

लढतभर हार्टने ऑस्टिनचा गुडघा लक्ष्य केला. रिंगच्या खांबाला पाय अडकवून पिळला. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहू लागले. यात हार्टने नवे असे काही केले नाही. तोच क्रम, तीच नेमकी पावले, तोच निर्विकार चेहरा. बदलले ते समोरचे दृश्य. रक्तबंबाळ माणूस उठून उभा राहतोय आणि समोरचा थंडपणे त्याचा दुखरा पायच शोधतोय. पाच वर्षे कौशल्य म्हणून वाखाणलेली गोष्ट त्या एका लढतीत क्रौर्य म्हणून दिसू लागली. चेहऱ्याची रेषाही न हलवता व्यक्तिरेखेचा अर्थ उलटा करता आला, कारण तो चेहरा आधीपासून कोरा ठेवलेला होता. सतत हसणाऱ्या, सतत गर्जणाऱ्या मल्लाला हे शक्य नसते. त्याला खलनायक व्हायचे तर आधी मुखवटा बदलावा लागतो.

शेवटी शार्पशूटर. या डावात मल्ल प्रतिस्पर्ध्याचे पाय आपल्या पायाभोवती अडकवून त्याला पालथा करतो आणि कमरेवर बसतो. डावाची रचना अशी की पकड घालणाऱ्याची पाठ मार खाणाऱ्याकडे असते आणि मार खाणाऱ्याचा चेहरा मोकळा, कॅमेऱ्यासमोर. ऑस्टिन हातांवर रेटा देत वर उठला, पकड क्षणभर सुटल्यासारखी झाली, हार्टने तोल सावरून पुन्हा खाली दाबले. दातांवर, गालांवर रक्त ओघळत असलेला ऑस्टिनचा ओरडता चेहरा हे व्यावसायिक कुस्तीतले बहुधा सर्वात प्रसिद्ध चित्र आहे. त्या चित्रात हार्टचा चेहरा नाही. ऑस्टिनने हार मानली नाही; तो बेशुद्ध पडला आणि शॅमरॉकने लढत थांबवली. त्यानंतरही हार्ट त्याच्या पायावर तुटून पडला, शॅमरॉकने त्याला ओढून बाजूला फेकले आणि शॅमरॉकशी भिडायचे टाळून तो निघून गेला. जिंकलेल्याची हुर्यो उडाली. हरलेला ऑस्टिन मदत नाकारून, लंगडत, टाळ्यांच्या गजरात परतला आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीचा सर्वात मोठा मल्ल बनला.

पुढे काही महिने हार्ट अमेरिकेवर टीका करणारा कॅनडाचा अभिमानी म्हणून वावरला. अमेरिकेत त्याला शिव्या आणि कॅनडात जयजयकार. वागणे दोन्हीकडे सारखेच. एकाच व्यक्तिरेखेने सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन विरुद्ध भूमिका निभावल्याचे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण या धंद्यात सापडत नाही.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेल्या डावांचा. हार्ट शेवटाकडे जाताना नेहमी ठरावीक डाव ओळीने टाकतो: पायात पाय घालून मागे पाडणे, गुडघ्यावर पाठ आपटणे, दुसऱ्या दोरावरून कोपर मारणे, शेवटी शार्पशूटर, अशी टीका त्याच्यावर सहकाऱ्यांनीही केली. वर्णन खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. मातीवरच्या मल्लालाही त्याच्या हुकमी डावाने ओळखले जाते आणि तो डाव येणार हे प्रेक्षकाला माहीत असणे हे त्या कुस्तीचे वैगुण्य मानले जात नाही. क्रम ओळखीचा असला तरच तो मध्ये तुटल्याचा धक्का बसतो. हार्टच्या मोठ्या लढतींत तो क्रम कुठे तुटतो हे पाहिले की त्या लढतीची गोष्ट कळते.

दुसरा आक्षेप रटाळपणाचा, आणि त्यात तथ्य आहे. ३१ मार्च १९९६ च्या शॉन मायकल्सविरुद्धच्या साठ मिनिटांच्या लढतीत पूर्ण तासात एकदाही कोणी चीत झाले नाही. निकाल जादा वेळेत मायकल्सच्या बाजूने लागला. ती लढत अभिजात मानली जाते, पण तिचा मधला भाग सैल आहे. पकडी आहेत, त्यांचे परिणाम मात्र पुढे फारसे दिसत नाहीत. संयम हे साधन आहे, त्याने काही साधले नाही तर तो नुसता संथपणा उरतो.

तिसरा आक्षेप असा की हार्टला परिस्थितीने वर आणले. १९९१ मध्ये मल्लांना स्टेरॉइड पुरवल्याबद्दल एका डॉक्टरला शिक्षा झाली, पुढे मॅकमहनवरही खटला भरला गेला आणि १९९४ मध्ये तो निर्दोष सुटला. या काळात फुगवलेल्या देहांची अडचण होऊ लागली आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये रिक फ्लेअरला हरवून हार्ट विजेता झाला. संधी परिस्थितीने दिली हे मान्यच करावे लागते. पण तशी संधी इतरही सडपातळ मल्लांना होती. १९९३ च्या 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धेत एका रात्रीत रेझर रॅमन, मिस्टर परफेक्ट आणि बॅम बॅम बिगेलो अशा तीन वेगळ्या धाटणीच्या मल्लांशी तीन वेगळ्या लढती करून दाखवणे परिस्थितीमुळे जमत नाही.

चौथा आक्षेप शांतपणाच्या प्रकारांचा. भारतीय प्रेक्षकाला शांत मल्ल म्हटले की १९९० मध्ये अवतरलेला अंडरटेकर आठवतो. त्याचा सुरुवातीचा थंडपणा वेगळ्या जातीचा होता. त्याला वेदना होतच नाही, आपटले तरी तो कमरेतून ताठ उठून बसतो, ही त्या व्यक्तिरेखेची कल्पना होती. अंडरटेकरचा शांतपणा वेदना नाकारतो आणि म्हणून त्याला अलौकिक कथेचा आधार लागतो. हार्टचा शांतपणा वेदना मान्य करतो. त्याला काळा कोट, घंटा, अंधार यांतले काहीच लागत नाही.

मॉन्ट्रियल

शेवटचा आणि सर्वात जड आक्षेप ९ नोव्हेंबर १९९७ चा. हार्ट प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाला होता. मायदेशात मायकल्सकडून हरून पट्टा सोडायला त्याने नकार दिला. मॉन्ट्रियलच्या लढतीत मायकल्सने त्यालाच शार्पशूटर घातला, हार्टने हार मानली नव्हती, तरी मॅकमहनच्या हुकुमावरून पंच अर्ल हेब्नरने घंटा वाजवायला लावली. हार्ट मॅकमहनच्या तोंडावर थुंकला आणि रिंगजवळचे मॉनिटर त्याने फोडले. या प्रसंगावरून म्हटले जाते की तो शांतपणा वरवरचा होता आणि ज्याने ठरलेल्या निकालाला खऱ्या अब्रूचा प्रश्न बनवला त्याला आपला धंदाच कळला नव्हता.

यातला पहिला भाग टिकत नाही. रिंगमधला संयम ही शैली होती. फसवणूक झाल्यावर माणूस म्हणून तो भडकला, यात विसंगती काही नाही. दुसरा भाग इतक्या सहज झटकता येत नाही. जे गांभीर्य त्याच्या लंगडण्याला खरेपणा देत होते, तेच गांभीर्य त्याला पट्टा ही केवळ कथेतली वस्तू आहे असे मानू देत नव्हते. कराराने शेवटच्या दिवसांत त्याला आपल्या भूमिकेबद्दल मत देण्याचा हक्क होता, त्यामुळे कंपनीचे वागणे समर्थनीय ठरत नाही. पण हार्टही अडून बसला होता, हे खरे आहे. या शैलीची ती किंमत होती आणि हार्टने ती बरीच वर्षे, कडवटपणासह, मोजली.

२००२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून तो सावरला. तोवर डब्ल्यूडब्ल्यूई झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतले आणि २०१९ मध्ये हार्ट फाउंडेशनलाही. २०२५ मध्ये याच कंपनीने पहिल्यांदा माणसाऐवजी एका लढतीला हॉल ऑफ फेमचा मान दिला. ती होती १९९७ ची हार्ट आणि ऑस्टिन यांची लढत.